ब्लू टिक आणि नाराची हरणं

"मॅडम, मी मिरवते का हो?"

माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या बाईंनी खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे विचारलं. वय ५७, नोकरीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या, राहायला पुण्यात. एप्रिलमध्ये टूरबरोबर जपानला जाऊन आल्या होत्या. आयुष्यातला पहिला परदेश प्रवास. (हे लिहायला त्यांची परवानगी आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तक्रार ऐकायला साधी होती. माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांनी रोज फोटो आणि व्हिडिओ टाकले. पहिल्या दिवशी 'मस्त', 'मजा करा', अंगठे, फुलं. तिसऱ्या दिवसापासून शांतता. परत आल्यावर भावजयीचा फोन आला, "तुमची मजा आहे बाई" एवढं म्हणाली आणि बोलणं लगेच पाण्याच्या टँकरवर गेलं. तेव्हापासून त्यांनी जपानचं नाव काढणं सोडून दिलं. पण रात्री दोन वाजता उठून, कोणी कोणी फोटो पाहिलेत ते तपासायच्या आणि मग सकाळपर्यंत डोळा लागायचा नाही. "दहा दिवस इतके सुंदर गेले," त्या म्हणाल्या, "आणि आता ते आठवले की पोटात गोळा येतो."

हा प्रश्न दर मे-जूनमध्ये आणि दिवाळीनंतर माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो. फोटो टाकले तर लोक काय म्हणतील, नाही टाकले तर मन भरत नाही, आणि टाकून कोणी काही बोललं नाही तर फार लागतं. लाज वाटते म्हणून माणसं हे सांगतही नाहीत. फोटोंवरून कोणी रडतं का, असं स्वतःलाच दटावत बसतात. मला हा प्रश्न कधीच क्षुल्लक वाटला नाही.

तरी त्या दिवशी मी घाई केली. त्यांचा फोन पाहिला. दहा दिवसांत ४१२ फोटो आणि ६३ व्हिडिओ, तेही गटागटाने, बहुतेक एका ओळीचीही माहिती न देता. मी म्हटलं, "यातले बारा निवडा, प्रत्येकाखाली दोन वाक्यं लिहा, आणि एका रविवारी पाठवा." सल्ला चुकीचा नव्हता. चुकीच्या प्रश्नाला दिलेला होता. त्यांनी आठवडाभर बसून बारा फोटो निवडले, सुरेख लिहिलं, पाठवलं. दोन बदाम आले. पुढच्या वेळी त्या आल्या त्या आणखी खचून.

मग मी त्यांना एक संशोधन सांगितलं, कारण त्यांच्या मनात 'दोष माझाच' हे पक्कं बसलं होतं. गस कूनी, डॅनिएल गिल्बर्ट आणि टिमथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चौघांच्या गटात एकाला फार चांगला व्हिडिओ दाखवला, तिघांना बेताचा, आणि नंतर चौघांना गप्पा मारायला बसवलं. ज्याने चांगलं पाहिलं तोच गप्पांनंतर जास्त खट्टू झाला, कारण बाकीच्या तिघांकडे बोलायला सामाईक काही होतं आणि हा एकटा पडला. याच तिघांनी २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. सांगणाऱ्याला वाटतं की आपण नवीन, न पाहिलेलं सांगितलं तर लोक रंगून ऐकतील. ऐकणाऱ्यांना मात्र आपल्या ओळखीच्या गोष्टीच जास्त आवडतात. अनोळखी जागेचं वर्णन ऐकताना मधल्या इतक्या जागा रिकाम्या राहतात की चित्र उभंच राहत नाही.

"म्हणजे त्यांना मत्सर वाटला असं नाही?"

"कुणाला थोडा वाटलाही असेल. पण बहुतेकांना काय बोलावं तेच सुचलं नसेल. शिंकान्सेनच्या, म्हणजे त्या बुलेट ट्रेनच्या फोटोवर 'छान' याच्यापुढे कऱ्हाडात बसलेला माणूस काय लिहिणार?"

त्या जरा सैल झाल्या. पण माझं समाधान झालं नव्हतं. चौदा जणांच्या ग्रुपमधल्या शांततेने कोणी महिनाभर झोप घालवत नाही. म्हणून मी विचारलं, "चौदा जणांतलं नेमकं कोणाचं उत्तर हवं होतं?"

त्यांनी भाऊ सांगितला, भाचा सांगितला, चुलत बहिणी सांगितल्या. मग बऱ्याच वेळाने, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "अक्काचं."

अक्का म्हणजे थोरली बहीण. कऱ्हाडच्या घरी ८६ वर्षांच्या आईजवळ राहते. आई अंथरुणाला खिळलेली नाही, पण बाथरूमपर्यंत जायलाही कुणाचा तरी हात लागतो. ह्या दर महिन्याला पैसे पाठवतात आणि दोन-तीन महिन्यांनी जाऊन येतात. जपानचं ठरलं तेव्हा अक्काच म्हणाली होती, "जा गं, मी आहे ना इथं." आणि त्या दहा दिवसांत अक्काकडून एक अक्षर नव्हतं. प्रत्येक फोटो कोणी पाहिला त्या यादीत तिच्या नावापुढे फक्त ब्लू टिक.

"तिने पाहिले सगळे. एकाला तरी काही म्हणायचं होतं. मी तिला सोडून मजा केली, हेच ती न बोलता सांगत होती."

इथे मी त्यांना एक काम दिलं. सहलीचा एक दिवस घ्या आणि त्याच्या शेजारी अक्काचा दिवस लिहा, तासातासाने. त्यांना जपानचा दिवस मिनिटामिनिटाला पाठ होता. क्योटोहून नारा, म्हणजे मोकळ्या हरणांचं ते शहर, किती वाजता, जेवण कुठे, बस कधी. अक्काच्या बाजूला त्यांनी 'सकाळी चहा' लिहिलं आणि पेन थांबलं. आईच्या गोळ्या किती वाजता असतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिथे सकाळी सहाला, बस निघायच्या आधी हॉटेलच्या वायफायवरून त्या रोज आदल्या दिवसाचे फोटो पाठवत. कऱ्हाडात तेव्हा रात्रीचे अडीच वाजलेले असत. "आणि तिच्या नावापुढची टिक लगेच निळी व्हायची," त्या हळू आवाजात म्हणाल्या. अडीच वाजता अक्का जागी का असायची, हा प्रश्न तोवर त्यांच्या मनात आलाच नव्हता.

त्या रडू लागल्या. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की अपराधी वाटून घेण्यासाठी हा कागद नाही. सहलीला जाणं हा गुन्हा नाही, अक्काने मनापासून 'जा' म्हटलं असेल. पण फोटो एका दिशेने जात होते. 'बघ' इतकंच त्यांत होतं. 'तुझं कसं चाललंय' हे कुठेच नव्हतं.

मग मी म्हटलं, "ज्याचा एकही फोटो नाही असं जपानमधलं काही सांगा."

आधी त्यांनी गिओनची गल्ली सांगितली. क्योटोतल्या त्या भागात गेइको (तिथल्या गेइशा, पारंपरिक नृत्य-संगीत करणाऱ्या कलावंत स्त्रिया) आणि माइको (त्यांच्या शिकाऊ मुली) राहतात, आणि पर्यटकांनी त्यांना इतकं छळलं की खासगी गल्ल्यांत फोटो काढल्यास १०,००० येन दंड अशा पाट्या लागल्या आहेत. गाइडने सांगितल्यावर त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. लाकडी जाळ्यांची दारं आणि ओल्या दगडांचा वास त्यांना अजून आठवतो. (त्यांच्या काही व्हिडिओंत शाळेची अनोळखी मुलं जवळून दिसत होती. तिकडे अनेक जण परक्यांचे चेहरे झाकूनच फोटो टाकतात. ते व्हिडिओ त्यांनी माझ्यासमोर ग्रुपवरून काढले, ते मला आवडलं.)

मग त्यांचा चेहरा एकदम बदलला. "गणपती!"

टोकियोत आसाकुसाला एक दुपार मोकळी मिळाली होती. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, सुमिदा नदीजवळच्या छोट्या टेकाडावर मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. तिथला देव कांगितेन. हा आपला विनायकच, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोचलेला. त्याला मुळा वाहतात, पांढरा दाइकोन. देवळावर जागोजागी दोन मुळ्यांचं चिन्ह कोरलंय. वाहिलेले मुळे भक्तांना प्रसाद म्हणून घरी नेता येतात. मूर्ती मात्र कायम बंद, दर्शनाला खुली नसते. म्हणून फोटोही नाही. "मी बंद दारासमोर हात जोडून उभी राहिले आणि आपोआप 'सुखकर्ता' तोंडात आलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी वळून पाहिलं आणि वाकून नमस्कार केला."

हे मी पंधरा मिनिटं ऐकत होते, मध्ये मध्ये विचारत होते. ४१२ फोटोंत मला जपान असं दिसलं नव्हतं. जपानी भाषेत 'मियागेबानाशी' असा एक शब्द आहे. 'मियागे' म्हणजे प्रवासातून घरच्यांसाठी आणलेली वस्तू आणि 'बानाशी' म्हणजे गोष्ट. घरी आणून द्यायची गोष्ट. ती आणून द्यावी लागते, समोर बसून.

ठरलं ते एवढंच. कऱ्हाडला चार दिवस राहायला जायचं, चार तासांसाठी नाही. फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. पहिल्या दिवशी आईच्या गोळ्या आणि रात्रीचं उठणं ह्यांनी बघायचं, अक्काने झोपायचं. आणि सांगायचं झालं तर मुळ्यापासून सुरुवात करायची.

तीन आठवड्यांनी त्या आल्या. मुळ्याची गोष्ट आईने दोनदा सांगायला लावली. म्हणे, "गणपतीला मुळा? मग दूर्वा कुठं जातात?" आणि मोदकांचं काय, हेही तिने विचारलं. अक्का स्वयंपाकघरातून ऐकत होती, मग कणकेच्या हातांनी येऊन दारात उभी राहिली.

तिसऱ्या रात्री, आई झोपल्यावर, अक्का बोलली. ह्या नाराला होत्या त्या दिवशी आई बाथरूममध्ये पडली होती. कपाळाला चार टाके. अक्का एकटी रिक्षाने घेऊन गेली, रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसली. कुणालाच सांगितलं नाही, कारण ग्रुपवर कळलं असतं तर जपानलाही कळलं असतं. "तुझी सहल नासवायची नव्हती मला. आणि खोटं 'छान छान' लिहायला हात होईना."

"मी तिला म्हटलं, तुझा फोन दे," त्या मला सांगत होत्या. "एक तास तिचे फोटो पाहत बसले. औषधांच्या पट्ट्या, रिपोर्ट, टाक्यांचा फोटो डॉक्टरांना पाठवायला काढलेला. प्रत्येकाचं मी तिला विचारत गेले, आणि ती सांगत गेली."

मग त्यांनी पर्समधून स्वतःचा फोन काढला आणि अक्काकडून मागून घेतलेला एक फोटो मला दाखवला. कपाळाला पट्टी बांधलेली आई उशीला टेकून बसली आहे, दोन्ही हातांत फोन धरून, पडद्याच्या अगदी जवळ. पडद्यावर नाराचं हरीण बिस्किटासाठी मान वाकवतंय.

"रात्री दुखण्याने झोप लागेना की आई हाच व्हिडिओ लावायला सांगायची," त्या म्हणाल्या. "टिक निळी व्हायची ती त्यासाठी."

फोटो थोडा हललेला आहे. त्यांनी तो मोठा करून, चौकट करायला दिलाय.