शुगर नुकतीच निघाली असेल तर

ताई, रिपोर्ट आला म्हणून लगेच भात बंद, आंबा बंद असं करू नका. गोळी सुरू करा, पण पहिला आठवडा नेहमीचंच जेवा आणि ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी व जेवणानंतर दोन तासांनी शुगर बघा. वहीत आकड्याशेजारी ताटही लिहा: ‘दीड भाकरी, पिठलं, १६८’, ‘साबुदाणा खिचडी, २४०’. उपास किती महागात पडतो ते तिथेच कळतं! ही वही डॉक्टरांपुढे उघडा. एचबीएवनसी ही रक्ततपासणी साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगते, घोळ कुठल्या जेवणाने केला ते नाही.

तुमचं एचबीएवनसीचं टार्गेट किती, हेही विचाराच. बहुतेकांना ७ टक्क्यांच्या आत सांगतात, पण एकट्या राहणाऱ्या ऐंशीच्या आजींना ८ सुद्धा चालू शकतं, कारण शुगर अचानक उतरणं त्यांना जास्त धोक्याचं. नाईट शिफ्ट, चतुर्थी, औषधाचा खर्च, सगळं बोला. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने पोट बिघडलं तर सांगा, डॉक्टर डोस किंवा गोळी बदलून देतात. परस्पर बंद करू नका. शेजारच्या काकूंचा कारल्याचा रस डॉक्टरांना विचारून हवा तर घ्या, गोळीच्या जागी नाही.

शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.