विचारा ड्रायव्हरकाकांना : उतारावर न्यूट्रल, नवी गाडी आणि घरच्यांची काळजी

(आमचे ड्रायव्हरकाका मूळचे सासवडकडचे, आता राहायला निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीजवळ. टाटा १२१० या जुन्या ट्रकपासून स्टिअरिंग धरलं. हल्ली नव्या पोरांना हेवी गाडी शिकवतात.)

प्रश्न : माझे वडील आयुष्यभर ट्रक चालवत आलेत. मालकानं आता बीएस-६ गाडी, म्हणजे धुराच्या नव्या नियमांची, दिलीय. वडील म्हणतात, ही गाडी नाही, कॉम्प्युटर आहे. साताऱ्याहून येताना कात्रजचा नवा बोगदा संपला की ते न्यूट्रल टाकतात. विचारलं तर म्हणतात, डिझेल वाचतं. खरंच वाचतं का? — एक वाचक, चाकण

नाही वाचत. आणि त्या उतारावर तर मुळीच नाही. वडलांना हे असं सांगा : नव्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलेटरवरचा पाय काढला की कॉम्प्युटर इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारा भाग, बंद करतो. चाकं इंजिनाला फिरवतात, डिझेल जातं शून्य. न्यूट्रल टाकलं की इंजिनाला स्वतःच्या जोरावर चालू राहावं लागतं, म्हणजे ते डिझेल पिणारच. ज्या कॉम्प्युटरला वडील शिव्या देतात तोच त्यांचं डिझेल वाचवायला बसलाय आणि हे त्याला काम करू देत नाहीत.

पण डिझेल राहू द्या बाजूला. बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना भरलेली गाडी मोकळी सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो. चाकातला ब्रेकचा ड्रम तापतो, त्याला घासणारा लायनर तापतो. ब्रेकच्या टाकीत हवा भरपूर असते, पेडलही नीट दाबलं जातं, पण गाडी धरत नाही. मग लोक म्हणतात ब्रेक फेल. ब्रेक फेल कुठला, तो भाजलेला असतो! केबिनमध्ये जळका वास यायला लागला की समजायचं, उशीर झालाय. काही जण तर वरून इंजिनही बंद करतात. मग हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, टाकीत नवी हवा येत नाही आणि पॉवर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवले पुलापाशी एकाच अवजड गाडीनं अनेक वाहनांना धडक दिली, ते आठवत असेलच. तेव्हाही उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडल्याचीच चर्चा झाली होती.

गिअर बोगद्यातच पाडायचा, उतार लागल्यावर नाही. ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता त्याच्यापेक्षा वरचा गिअर उतरताना नको. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा) लावायचा आणि पायाचा ब्रेक थोडा दाबून सोडायचा, घासत ठेवायचा नाही. खंबाटकीला हेच, दिवे घाटातही हेच.

आता वडलांच्या बाजूनंही बोलतो. जुन्या गाडीला सिंक्रो, म्हणजे गिअर सहज बसवणारी सोय, नव्हता, डबल क्लच मारावा लागायचा. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनाला एक रेस, परत क्लच, मग खालचा गिअर. रेस कमी-जास्त झाली की दात खडखडायचे आणि वस्ताद पाठीत गुद्दा घालायचा. तो कान वडलांकडे आहे. टर्बोचा पाइप सुटून सूं आवाज यायला लागला तर डॅशबोर्डचा दिवा लागायच्या आत त्यांना कळेल, माझ्याकडे येणाऱ्या पोरांना कळत नाही. आणि आम्ही गाडी रस्त्यात पाना-टॉमी घेऊन उघडायचो, आता लॅपटॉपवाला आल्याशिवाय हलता येत नाही, ही त्यांची तक्रार रास्तच आहे. एप्रिल २०२० नंतरच्या या गाड्यांना डीईएफ लागतं, म्हणजे धूर साफ करायचं साडेबत्तीस टक्के युरियाचं पाणी. ते संपू दिलं की गाडीची ताकद आपोआप कमी होते. रस्त्याच्या कडेला सुट्ट्या कॅनमधलं स्वस्त मिळालं तरी भरायचं नाही. सेन्सर गेला की त्याचा खर्च डोळे पांढरे करतो. तेव्हा दिव्यांचं पुस्तक वाचून दाखवायचं काम तुमचं, आणि कान कसा लावायचा ते त्यांनी तुम्हाला शिकवायचं. भांडू नका.

प्रश्न : मी १९ वर्षांची. घरचा ट्रॅक्टर चालवते. मला ट्रक ड्रायव्हर व्हायचंय, घरचे हसतात. लायसन कसं काढायचं? — एक वाचक, जुन्नर

हसू देत. पोरी, आधी चारचाकीचं, म्हणजे एलएमव्हीचं लायसन काढ. ते हातात येऊन एक वर्ष झाल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं लर्निंग मिळत नाही आणि वय २० पूर्ण लागतं, त्यामुळे आज काढलंस तर वर्ष फुकट जात नाही. पुढे मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट आणि डॉक्टरचा दाखला लागतो. पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये गेली. आणखी एक : नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की मालासकट साडेसात टनांपर्यंतचं मालवाहू वाहन एलएमव्ही लायसनवर चालतं. वीस पूर्ण झाली की आधी टेम्पोवर हात बसव.

खरी अडचण गाडीची नाही. पॉवर स्टिअरिंगमुळे मनगटाचं काम कधीच संपलं. अडचण आहे रात्री गाडी लावायची कुठे आणि बाथरूमला जायचं कुठे याची. ढाब्यावर पोरांचं भागतं, तुझं भागणार नाही. म्हणून सुरुवातीला चाकण ते रांजणगाव असल्या कंपनीच्या खेपा धर, संध्याकाळी घरी ये. लांबची लाइन नंतर, तीही नीट पार्किंग असलेल्या ठिकाणांची यादी स्वतः करूनच.

प्रश्न : माझे मिस्टर ट्रक घेऊन लांबच्या लाइनवर असतात. नवीन गाडीला एसी आहे, पण ते म्हणतात एसीत झोप येते म्हणून काच उघडी ठेवतात. मला रात्रभर झोप नाही. — एक वाचक, भोर

वहिनी, १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय, आणि फार उशिरा झाला. मे महिन्यात सोलापूर रोडला इंजिनाशेजारी बसून काय होतं ते आमच्या पिढीच्या पाठीला विचारा. झोप एसीमुळे येत नाही. आतलीच हवा आत फिरवायचं बटण दाबून ठेवलं की केबिन कोंदते, जड वाटतं. बाहेरची हवा आत येईल असं ठेवायला सांगा, आणि काच बंद.

पण मुळात त्यांची झोपच पुरी झालेली नसणार. मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायदा १९६१ सालचा, नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता येईपर्यंत तोच होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनी किमान अर्धा तास विश्रांती, सगळं त्यात लिहिलं होतं. खेपेवर पैसे मिळतात तिथे तो कागद कोण वाचत होतं? मी मालकांनाच दोष देईन. उद्या सकाळी माल पोचव म्हणायचं आणि वाटेत फोन करून कुठवर आला विचारायचं, याला काय म्हणायचं! तुम्ही मात्र गाडी चालू असताना फोन करू नका. पहाटे दोन ते पाच हे तास वाईट. तेव्हा गाडी पार्किंगला लावून पडायचं, एवढं त्यांच्याकडून वदवून घ्या. रस्त्याच्या कडेला, हायवेच्या शोल्डरवर नाही. मागून येणाऱ्याला अंधारात उभा ट्रक दिसत नाही.

प्रश्न : एक्सप्रेसवेच्या घाटात ट्रक तिन्ही लेन अडवतात. यांना शिस्त कधी लागणार? — एक वाचक, कोथरूड

साहेब, चूक आहे. डावी लेन सोडायची नाही हे मीही पोरांना शिकवतो. का सोडतात तेवढं सांगतो : चढावर पुढची गाडी सरपटत असली की मागच्या भरलेल्या गाडीचा वेग मरतो आणि परत पहिल्या गिअरपासून चढवावं लागतं. ते टाळायला मागचा ड्रायव्हर गाडी शेजारच्या लेनमध्ये काढतो आणि मग दोघंही शेजारी-शेजारी रांगतात.

तुम्हीही एक करा. ट्रकपुढची मोकळी जागा दिसली की तिच्यात कार घालू नका, ती त्यानं ब्रेकसाठी राखलेली असते. बाकी आता कॅमेरे लागलेत. दंड मालकाच्या मोबाइलवर येतो आणि महिन्याच्या शेवटी ड्रायव्हरच्या पगारातून वळता होतो. त्यामुळे पोरं सरळ यायला लागलीत, हे आमच्या नगरीत रोज ऐकतो.