पंप नाकारला, हे लेखी कधी कळवलं?

लातूरच्या एका वाचकांचा फॅब्रिकेशनचा कारखाना आहे. अर्धवट बांधलेल्या दोन आसनी विमानाचं किट घेऊन ते स्वतःच्या हाताने पूर्ण करत आहेत. चाकं हायड्रॉलिक दाबाने आत जाणारं विमान आहे. किटसोबतचा पंप निकामी निघाला, म्हणून दिल्लीच्या विक्रेत्याकडून एक लाख चाळीस हजारांचा बदली पंप मागवला. माल मार्च २०२४ मध्ये आला आणि खोकं उघडलं जानेवारी २०२५ मध्ये. विमान जॅकवर घेऊन चाकं आत घेतली, तर दाब टिकेना. दर दोन-तीन मिनिटांनी मोटर आपोआप सुरू व्हायची. विक्रेत्याला फोन झाले. "कंपनीशी बोलतो" हे उत्तर मिळत राहिलं. जूनमध्ये त्यांनी ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक दुरुस्त करणाऱ्या गॅरेजात पंप खोलून ओ-रिंगा, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्या, बदलून घेतल्या. फरक पडला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर पैसे परत मागितले, तेव्हा विक्रेत्याने कळवलं: पंप तुम्ही खोललात, वॉरंटी गेली; बिलामागे 'विमानासाठी वापरू नये' असं छापलंय; भांडायचं असेल तर दिल्लीला या.

विमान नवं असलं तरी तक्रार जुनीच आहे. बोअरची मोटर, मळणी यंत्र, दालमिलचा गिअरबॉक्स, कुठल्याही वस्तूबद्दल विचारणारे शेवटी एकाच वाक्यावर येतात: "आम्ही फोनवर सांगितलं होतं." वॉरंटीचा कागद किती महिन्यांचा होता, दिल्लीला जावं लागेल का, बिलामागचं ते छापील वाक्य बंधनकारक आहे का, हे तुमचे प्रश्न मी नंतर घेतो. तुमचं प्रकरण ज्यावर उभं राहील किंवा पडेल, ते मालविक्री कायदा, १९३० चं कलम ४२ आहे.

हे कलम सांगतं की खरेदीदाराने माल 'स्वीकारला' असं तीन प्रकारे धरलं जातं. तो तसं विक्रेत्याला कळवतो. किंवा माल हातात आल्यावर विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असं काही त्या मालाबाबत करतो. किंवा वाजवी मुदत उलटून गेली तरी नाकारल्याचं न कळवता माल ठेवून घेतो. एकदा माल स्वीकारला असं ठरलं की कलम १३(२) प्रमाणे, करारात वेगळं काही नसेल तर, माल परत करून पूर्ण पैसे मागण्याचा हक्क संपतो. उरते ती कलम ५९ खालची भरपाई, म्हणजे किंमतीतली घट किंवा नुकसान. या दोन मागण्यांमध्ये फार मोठं अंतर आहे आणि तुम्ही सध्या त्याच्या मधोमध आहात.

तुमचं वर्तन या तीन प्रकारांना लावून बघा. दहा महिने खोकं बंद होतं. का, तर विमानाचं बाकी काम आणि परवानगीचे कागद व्हायचे होते. घरी विमान बांधणाऱ्याचं वेळापत्रक असंच असतं, हे मला मान्य आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत घराच्या गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया'त लोकांनी पाहिलं, नोंदणी २०१७ मध्ये मिळाली आणि उडवण्याचा परवाना २०१९ मध्ये. पण सरकारी परवानगीला लागणारा वेळ विक्रेत्याच्या खात्यावर टाकता येत नाही. वाजवी मुदत किती, हा कलम ६३ प्रमाणे वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, आणि विक्रेत्याचा वकील एकच गोष्ट विचारेल: बारा व्होल्टची बॅटरी, एक प्रेशर गेज आणि बंद केलेली लाइन एवढ्यावर हा पंप टेबलावर तपासता आला असता की नाही? आला असता. फॅब्रिकेशनवाल्याला ते अर्ध्या दिवसाचं काम. कलम ४१ तपासणीची वाजवी संधी मिळेपर्यंत तुमचं संरक्षण करतं, पण ती संधी माल आल्याच्या दिवसापासून तुमच्या शेडमध्ये पडून होती.

यावर आपलं म्हणणं असं राहील की दोष दडलेला होता. दाब दोन-तीन मिनिटांत उतरतो हे चाकं आत घेऊन धरून ठेवल्याशिवाय दिसत नाही, म्हणून मुदत जानेवारी २०२५ पासून मोजावी. हे म्हणणं टिकू शकतं. पण जानेवारी ते नोव्हेंबर लेखी काहीच नाही, याचं काय करायचं? फोनवरच्या बोलण्याचा पुरावा म्हणजे तुमचा शब्द आणि त्याचा शब्द. कॉल झाले एवढं कॉल रेकॉर्डवरून दिसेल, काय बोलणं झालं ते दिसणार नाही. एक ईमेल, चार ओळींची, "पंप दाब धरत नाही, मी तो नाकारत आहे, घेऊन जा," फेब्रुवारीत गेली असती तर तुमची बाजू आज भक्कम असती. कलम ४३ खाली नाकारलेला माल विक्रेत्याच्या दारात नेऊन टाकण्याचीही गरज नसते, नुसतं कळवणं पुरे. एवढी सोपी गोष्ट लोक करत नाहीत याची मला दर वेळी चीड येते, कारण तिला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही.

आता गॅरेज. पंप उघडून आत पाहणं ही तपासणी आहे असं म्हणता येतं. ओ-रिंगा बदलणं ही दुरुस्ती आहे, आणि दुसऱ्याची वस्तू कोणी दुरुस्त करत नाही. विक्रेता नेमका याच फटीतून आत शिरला आहे. त्याहून मोठं नुकसान पुराव्याचं झालं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८(२)(ग) खाली ग्राहक आयोग दोष ठरवण्यासाठी वस्तू सील करून प्रयोगशाळेत पाठवतो. प्रयोगशाळेला आता जो पंप मिळेल तो विक्रेत्याने पाठवलेल्या अवस्थेतला नसेल.

मराठवाड्यात बियाण्यांच्या तक्रारी करणाऱ्या शेतकऱ्यांना एक निकाल पाठ असतो. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलं की शेतकऱ्याने तपासणीसाठी बियाणं राखून ठेवावं अशी अपेक्षा करता येणार नाही, तो सगळं पेरतो. तुमच्या पत्रातही त्याचा आधार घेतलेला दिसतो. तो तुम्हाला मिळणार नाही. बी पेरल्यावर उरत नाही. पंप तसाच ठेवता आला असता.

तरीही प्रकरण संपलेलं नाही. तुमच्या हातात एक जागा आहे आणि ती तुम्ही पत्रात एका ओळीत उरकली आहे. ऑर्डरच्या ईमेलमध्ये तुम्ही लिहिलं होतं: दोन आसनी विमानाच्या चाकांसाठी, बारा व्होल्ट, अमुक दाब, आणि पंपाचा पूर्ण क्रमांक, शेवटच्या अक्षरांसकट. मोटर जोडलेले हे छोटे पंप, म्हणजे पॉवर पॅक, बोटींतही असतात आणि ट्रकच्या मागच्या लिफ्टमध्येही. बाहेरून जुळे दिसतात. जास्तीचा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हचं सेटिंग आणि तेल मागे न येऊ देणारे आतले चेक व्हॉल्व्ह वेगळे असतात आणि तो फरक बहुधा क्रमांकाच्या शेपटीत असतो. म्हणून आज संध्याकाळी पंपावरची पट्टी नीट पुसून वाचा आणि ईमेलशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक निघाला तर हे वर्णनानुसार विक्रीचं, कलम १५ चं प्रकरण होतं. मग दोष कुठे आहे, ओ-रिंगा कोणी बदलल्या, याचं वजन बरंच कमी होतं, कारण मागितलेली वस्तूच आलेली नाही. क्रमांक जुळला तर कलम १६(१) उरतं: हेतू सांगितला होता आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबलो. पण तिथे विक्रेता म्हणेल की तुम्ही क्रमांक सांगून ठरावीक नावाची वस्तू मागितली, माझा सल्ला मागितलाच नव्हता. त्या वादाचा निकाल कुठे जाईल हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

विक्रेता आणखी एक म्हणणार: दाब पंपातून नाही, तुमच्या सिलिंडरमधून किंवा जोडांमधून उतरतोय. तांत्रिकदृष्ट्या हे शक्य आहे. ज्या विमानात चाकं वर धरून ठेवायला वेगळं कुलूप नसतं, फक्त दाबच असतो, तिथे गळती कुठेही असली तरी मोटर तशीच पुन्हा पुन्हा सुरू होते. तेलही विचारलं जाईल. अशा यंत्रणेत बहुतेक वेळा लाल खनिज तेल, ५६०६ या मानक क्रमांकाचं, लागतं. त्याजागी गाडीचं ब्रेक ऑइल गेलं असेल तर नायट्राइल रबराचे सील फुगून खराब होतात आणि दोष तुमच्यावर येतो. यंत्रणेतलं तेल काढून स्वच्छ बाटलीत भरा, बाटलीला सील करा, तारीख लिहा. गॅरेजवाल्याकडे जुन्या ओ-रिंगा पडल्या असतील तर त्या आणा. पंप कोणत्या अवस्थेत आला आणि आत काय दिसलं, याचं शपथपत्र त्याच्याकडून करून घ्या. पंप दोन साक्षीदारांसमोर फोटो काढून पेटीत बंद करा.

आणि तो पंप विमानात पुन्हा बसवू नका. पुराव्यासाठी नको, हे झालं वकिलाचं कारण. दाब न धरणाऱ्या पंपावर तुम्ही चाकं आत घेऊन उडालात, हा विचार मला सहन होत नाही. आणीबाणीत दाब सोडून चाकं वजनाने खाली पडू द्यायची सोय असली तरी तिच्यावर विसंबून उड्डाणाला निघू नका. दुसरा पंप घ्यायचा तर घ्या, बिल जपून ठेवा, तो खर्च भरपाईत मागता येईल.

आता मुदत. ग्राहक आयोगात तक्रारीला कलम ६९ प्रमाणे वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षे मिळतात. विक्रेता माल मिळाल्याची तारीख धरेल, म्हणजे मार्च २०२६ मध्ये दोन वर्षे भरतात. आपण दोष कळल्याची तारीख धरू, म्हणजे जानेवारी २०२७. या वादात पडायची काहीच गरज नाही; तक्रार मार्चच्या आत दाखल करा. नोटीस पाठवली की मुदत थांबते असा एक समज आहे. थांबत नाही. उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण टाळता येणाऱ्या उशिरासाठी माफीचा अर्ज करत बसू नये.

नोटीस मात्र या आठवड्यातच जाऊ द्या, ईमेलने आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टने. तिच्यात पंप स्पष्ट शब्दांत नाकारा, विक्रेत्याने तो घेऊन जावा असं लिहा, पूर्ण किंमत मागा. आणि पुढच्याच परिच्छेदात लिहा की हा नकार मान्य झाला नाही तरी पर्यायी मागणी म्हणून कलम ५९ खालची भरपाई मागत आहोत. दोन्ही मागण्या तक्रारीतही तशाच ठेवा. फक्त परताव्यावर अडून बसलेल्या माणसाची तक्रार कलम ४२ वर पडली की हातात काही राहत नाही.

बाकीचे प्रश्न थोडक्यात. दिल्लीला जायची गरज बहुधा नाही: कलम ३४(२)(घ) मुळे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते, म्हणजे लातूरला. दिलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्याने फी लागत नाही. 'विमानासाठी वापरू नये' हे वाक्य बिलामागे होतं, म्हणजे सौदा ठरल्यानंतर तुमच्या हातात आलं. ऑर्डर स्वीकारताना त्याने ते कळवलं होतं का, यावर त्याची किंमत ठरेल. वॉरंटीचा छापील कागद तुम्ही पाठवलेला नाही, त्यामुळे त्यावर मी बोलत नाही.

एका गोष्टीची मात्र काळजी वाटते. बिल कारखान्याच्या नावावर आहे आणि त्यावरचं जीएसटी इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, तुम्ही घेतलं आहे. ग्राहक आयोगात तुम्ही म्हणणार की हे विमान छंदासाठी, कारण धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार तिथे सहसा चालत नाही. जीएसटीच्या विवरणात म्हटलंय की खरेदी धंद्यासाठी. व्यावसायिक हेतू सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर आहे असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये श्रीराम चिट्सच्या प्रकरणात सांगितलं, पण तो भार उचलायला तुमचंच विवरण त्याच्या कामी येईल. वैयक्तिक वापराच्या वस्तूवरचं क्रेडिट केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये मुळात बसतच नाही. तक्रार दाखल करण्याआधी तुमच्या सीएंना भेटा आणि ते व्याजासह परत करण्याबद्दल ठरवा. पुढेमागे विमानं विकायचा विचार असेल आणि तसं कुठे लिहिलं असेल, तर मला आधी सांगा. मग ग्राहक आयोगाऐवजी दिवाणी दाव्याकडे बघावं लागेल. तिथे मुदत तीन वर्षांची आहे.

व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश जसेच्या तसे फोनमध्ये ठेवा, फोन बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र त्यांना जोडावं लागेल, आणि त्यात तुमच्या सहीसोबत तज्ज्ञाचाही भाग असतो.

किती वेळ लागेल, असं विचारलंत. कायदा म्हणतो तीन महिने, वस्तूची तपासणी करायची असेल तर पाच. विरुद्ध पक्षाला उत्तर द्यायला तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा. त्यापुढे एकही दिवस नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलं. उत्तराची मुदत पाळली जाते. पुढचं वेळापत्रक कायद्यात आहे तसं चालत नाही. आयोगांवरच्या रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. लाख-दीड लाखाच्या तक्रारीसाठी माणसाने तारखांमागे वर्षं घालवावीत हे मला कधीच पटलेलं नाही, पण पाच महिन्यांत निकाल मिळेल असं सांगून तुमची फसवणूक करणार नाही.

म्हणून नोटिशीनंतर विक्रेत्याने बदली पंप देऊ केला तर नाही म्हणू नका. तीन गोष्टी त्याच्याकडून ईमेलवर घ्या: पंपाचा पूर्ण क्रमांक, तो विमानाच्या चाकांसाठी दिला जात आहे ही ओळ, आणि माल मिळाल्यापासून तपासणीसाठी तीस दिवस. पंप टेबलावर गेज लावून तपासून होईपर्यंत 'माझी काही तक्रार राहिली नाही' अशा कागदावर सही करू नका. बोलणी मार्चपर्यंत लांबली तर बोलणी चालू ठेवूनच तक्रार दाखल करा. तडजोड झाल्यावर ती मागे घेता येते.