बाळंतीण बहीण बाळाचा श्वास बघायला रात्रभर उठते; गोळ्यांशिवाय सीबीटीने फरक पडेल का? (खानापूर)

हो, त्रास सौम्य ते मध्यम असेल तर नुसत्या सीबीटीनेही (गोळ्यांऐवजी बोलण्यातून विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायचा उपचार) बऱ्याच जणींना चांगला फरक पडतो. साधारण 12 ते 15 सत्रं धरून चला. श्वास बघितला की भीती दोन मिनिटं उतरते, म्हणून मन पुन्हा बघायला लावतं, आणि बाळ ठीक राहिलं ते बघितल्यामुळेच, असं वाटत राहतं. हीच साखळी तोडायची असते. झोपवताना एकदाच नीट बघायचं: बाळ उताणं, जवळ उशी-दुपटं नाही. मग दर 10 मिनिटांऐवजी 20, पुढे 40, शेवटी फक्त दूध पाजायच्या वेळी. प्रत्येक टप्प्यावर भीतीला 0 ते 100 गुण वहीत लिहायचे. आकडा उतरल्याशिवाय पुढची पायरी नको. घोडं अडतं ते घरच्यांपाशी. आई किंवा सासूबाई "मी बघून आले, झोप तू" म्हणतात. मायेनंच, पण तीही तपासणीच झाली. बेळगावला समुपदेशक गाठताना मराठीत सत्र घेतात का, हे आधी विचारा. भीती मोडक्या कन्नडात सांगता येत नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मोफत, मराठीतही बोलता येतं. मात्र बाळ झोपलं तरी तिला दिवसचे दिवस झोप नाही, भास होतात, भलता संशय येतो किंवा स्वतःला-बाळाला इजा करावीशी वाटते, तर सीबीटीची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा, तोवर तिला एकटं सोडू नका. गोळ्या लागल्याच, तर अंगावर पाजताना चालणाऱ्याही असतात.