गँट चार्ट आणि स्प्रिंट एकत्र चालवताना

महाप्याच्या ऑफिसात क्लायंटला तारखेसकट पक्का प्लॅन हवा, म्हणजे गँट चार्ट (कामं आणि तारखा आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता), आणि टीमला स्प्रिंट (ठरावीक छोट्या मुदतीत थोडं थोडं काम पूर्ण करणं), ही तुझी अडचण नवी नाही. दोन्ही एकत्र नांदतात. सुरुवातीला एवढंच कर:

१. काय हलणार नाही ते आधी ठरव. कराराचे टप्पे, बजेट, सर्व्हरची खरेदी, गो-लाइव्हची (सिस्टीम प्रत्यक्ष सुरू होण्याची) तारीख गँट चार्टवर. स्क्रीन, रिपोर्ट वगैरे बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या बदलत्या यादीत. प्रत्येक स्टोरी (बॅकलॉगमधलं एकेक छोटं काम) चार्टात कोंबलीस तर दर सोमवारी चार्टच दुरुस्त करत बसशील. बरेच नवखे हेच करतात!

२. स्प्रिंट दोन आठवड्यांचा. स्क्रममध्ये (स्प्रिंटनं काम करायची पद्धत) महिन्यापर्यंत चालतो, पण नव्या टीमला चूक लवकर दिसलेली बरी.

क्लायंट डेमोत म्हणतो, "एक छोटासा फिल्टर टाका ना." लगेच हो म्हणू नकोस. "टाकतो, त्याच्या बदल्यात काय काढू?" असं तिथेच विचार आणि उत्तर मेलवर घे. तारीख पक्की असेल तर काम लवचीक हवं, दोन्ही पक्कं धरलंस तर शनिवार-रविवार गेलेच समज.

आणि १५ मिनिटांच्या डेलीत (टीमची रोजची छोटी बैठक) साहेबांपुढे हजेरी नको, कोण कुठे अडलंय तेवढंच बोला. स्टोरी पॉइंट (स्टोरी किती मोठी याचा अंदाजी आकडा), व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंटचं काम होतं) सध्या राहू दे. दोन-तीन स्प्रिंट झाले की विचार.