निवेदन दिले, पुढे काय?

प्रश्न : आमच्या शहरात नऊ वर्षांपासून ज्येष्ठ नागरिक संघ चालू असून सध्या बासष्ट सभासद आहेत. सरकारी रुग्णालयात ज्येष्ठांसाठी वेगळी रांग नाही, बसथांब्यावर बसायला बाक नाही आणि बाजारचौकात आम्ही निम्मा रस्ता ओलांडतो तोच सिग्नल सुटतो. दोन वर्षांत चार वेळा निवेदन दिले, वर्तमानपत्रात छायाचित्रही आले, पण एकही काम झाले नाही. ‘आता वय झाले, कशाला ही यातायात’ असे सभासद म्हणू लागले आहेत. आम्ही काय करावे?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आपण पत्रासोबत पाठवलेले निवेदन लक्षपूर्वक वाचले. एकाच पानावर अकरा मागण्या आहेत आणि त्या नगरपरिषद, रुग्णालय, एस. टी., वाहतूक पोलीस व रेल्वे अशा पाच ठिकाणच्या आहेत. त्यामुळे ज्याच्या हाती तो कागद पडेल त्याला ‘हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही’ असे म्हणण्याची आयतीच सोय झाली. शिवाय आपल्या प्रतीवर आवक क्रमांक नाही. साहेबांच्या दालनात फोटो काढून दिलेला कागद दप्तरी दाखल होतोच असे नाही, आणि जो दाखल झाला नाही त्याचा पाठपुरावा कशाच्या आधारावर करणार? यापुढे एका अर्जात एकच विषय ठेवा, तो ज्याच्या अधिकारातला आहे त्याच कार्यालयाला द्या, आणि आवक-जावक टेबलावर शिक्का, तारीख व क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका.

रुग्णालयाच्या अर्जात ‘सोय करावी ही विनंती’ एवढेच लिहू नये. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २० नुसार सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी स्वतंत्र रांगा लावणे ही शासनाची जबाबदारी आहे. त्या कलमाचा उल्लेख करून रांग कधीपासून सुरू होईल, असे विचारा. कायद्याने दिलेली गोष्ट मागताना आपण कोणाचे उपकार मागत नसतो, हे सभासदांच्या मनावर एकदा ठसले पाहिजे.

सिग्नलचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. चार सभासदांनी सलग तीन दिवस बाजाराच्या वेळी चौकात उभे राहावे, मोबाइलच्या घड्याळावर पादचाऱ्यांना किती सेकंद मिळतात ते मोजावे आणि रस्त्याची रुंदीही टेपने मोजून घ्यावी. पादचारी सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असे धरून ही वेळ ठरवण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने अठरा मीटरचा रस्ता १५ सेकंदांत ओलांडला जातो. पण गुडघे धरलेला, हातात काठी असलेला माणूस सेकंदाला ०.८ मीटर चालला तर त्याला साडेबावीस सेकंद लागतात, म्हणजे उरलेले सहा मीटर त्याला सुटलेल्या वाहनांसमोरून जावे लागते. ‘आम्हांला भीती वाटते’ या वाक्याला उत्तर न देताही कार्यालयाला गप्प बसता येते, मात्र मोजमापांच्या तक्त्यावर त्याला काहीतरी शेरा मारावाच लागेल.

अर्जावर महिनाभरात हालचाल झाली नाही, तर तालुक्याच्या आणि त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात भरणाऱ्या लोकशाही दिनाचा, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी ऐकून घेतात त्या दिवसाचा, उपयोग करा. तेथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते, संघाचे सामुदायिक निवेदन चालत नाही. माहितीचा अधिकारही कायद्याने नागरिकाला दिलेला असल्याने, दहा रुपये शुल्काचा तो अर्ज संघाच्या नव्हे, सभासदाच्या नावाने करावा. त्याचे उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. स्वतःच्या नावाने लिहिण्याची ही अट आपल्यासारख्या संघाला अडचण न ठरता बळच देईल, कारण बासष्ट सह्यांचा एक कागद जाण्याऐवजी बासष्ट माणसे आपापल्या नावाने लिहू लागतील. फक्त एकच मजकूर सर्वांनी उतरवू नये. औषधाच्या खिडकीपुढे आपण स्वतः किती वेळ उभे राहिलो, हे ज्याने त्याने आपल्या शब्दांत लिहावे आणि ज्यांचा हात थरथरतो त्यांचे दुसऱ्याने लिहून द्यावे.

रेल्वे तिकिटातील सवलतीची मागणी मात्र स्थानिक अर्जातून काढून टाका. पुरुषांना साठीनंतर ४० टक्के आणि स्त्रियांना ५८ वर्षांनंतर ५० टक्के मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये थांबली, तो निर्णय केंद्राचा आहे. तेथे खासदार आणि फेस्कॉम, म्हणजे संघांचा राज्यव्यापी महासंघ, यांच्यामार्फतच जावे.

सभासद थकले आहेत, हे मी समजू शकतो. ईपीएस-९५, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत २०१४ साली किमान निवृत्तिवेतन महिना १,००० रुपये ठरले. ते वाढावे म्हणून या योजनेच्या निवृत्तिवेतनधारकांनी बुलढाण्यात २०१८ पासून साखळी उपोषण चालवले. तेही आपल्याच वयाचे होते. पाळ्या लावून बसले म्हणून त्यांना इतके दिवस टिकता आले; आपणही कार्यालयात जाण्याच्या पाळ्या लावा, सगळा भार एकट्या सचिवांवर टाकू नका.

प्रश्न : आमच्या संघातील एका विधवा सभासद बाईंना मुलगा सांभाळत नाही. त्या अंथरुणाला खिळल्या आहेत. संघ त्यांच्या वतीने काही करू शकतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : होय. वर उल्लेखलेल्या कायद्याच्या कलम ५ प्रमाणे, ज्येष्ठ व्यक्ती स्वतः अर्ज करण्यास असमर्थ असेल तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था तिच्या वतीने न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते. आपल्या भागाचे उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत, हे काम पाहतात. वकिलाची गरज नाही. मुलाने द्यायच्या निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये असून, नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल व्हावा असे कायदा सांगतो. आपल्या संघाची नोंदणी झालेली नसेल तर निदान सात सभासदांनी मिळून ती करून घ्यावी; पण त्यासाठी बाईंना थांबवू नका, त्यांचे अधिकारपत्र एखाद्या सभासदाच्या नावाने घेऊन याच आठवड्यात अर्ज दाखल करा.