आधी सोडवायला शीक

प्रिय,

तू पाठवलेली गाठींची यादी वाचली. सत्तावीस नावं! क्लिफर्ड ॲश्ली यांच्या १९४४ सालच्या ग्रंथात साडेतीन हजारांवर नोंदी आहेत, तेव्हा यादी हवी तेवढी लांबवता येईल. बाँडेजला, म्हणजे जोडीदाराला त्याच्या संमतीनं दोरीनं बांधण्याच्या खेळाला, चार गाठी पुरतात. फक्त त्या अंधारात, घाईत सोडवता आल्या पाहिजेत.

सामान बांधताना गाठ जितकी आवळेल तितकी बरी. इथे आत माणूस आहे. ओढला की आवळत जाणारा सरकफास मनगटाला नको, आणि गळ्याभोवती कुठलीच दोरी नको.

पहिला शिकायचा तो सिंगल कॉलम, म्हणजे एका मनगटाचा किंवा घोट्याचा बांध. दोरी मधोमध दुमड, त्या दुहेरी दोरीचे दोन-तीन वेढे शेजारी शेजारी घे. एकावर एक चढले की दाब एकाच रेषेत पडतो. आत दोन बोटं सहज फिरायला हवीत. वर रीफ नॉट. तिच्यात आणि ग्रॅनीत, म्हणजे तिच्यासारखीच दिसणाऱ्या पण सरकणाऱ्या गाठीत, फरक एवढाच, की दुसरा वळसा पहिल्याच्या उलट दिशेनं घ्यायचा. टोकं मूळ दोरीला समांतर पडली तर रीफ. आडवी बाहेर आली तर सोड आणि पुन्हा बांध.

मी पहिल्या वर्षी ग्रॅनीच बांधत होतो आणि मला ते ठाऊकही नव्हतं. एकदा जोडीदारानं अंग वळवलं, गाठ सरकली, वेढे आवळले. नखांनी गाठ उकरत बसलो, कारण कात्री दुसऱ्या खोलीत होती.

पण रीफही निर्दोष नाही. तिचं एकच टोक जोरात मागे ओढलं तर ती उलटते आणि घसरते. म्हणून जिथे ओढ बसणार तिथे समरव्हिल बोलाइन वापर. शिकायला जरा किचकट, पण ताण आला तरी वेढे आवळत नाहीत. माझा महिना गेला तिच्यात.

दोन मनगटं एकत्र बांधायची तर डबल कॉलम: दोन्ही हातांभोवती सैल वेढे, मग हातांच्या मधून आडवा वळसा, मग गाठ. लार्क्स हेड, म्हणजे दुमडलेल्या दोरीच्या फासातून टोकं ओढून घेतलेली गाठ, दोरीला दोरी जोडायला छान. थेट मनगटावर नको, तो आवळतो.

दोरी तागाची, सहा मिलिमीटर, सात-आठ मीटरची घे.

आता दंडाबद्दल. दंडाच्या बाहेरच्या बाजूनं रेडियल नर्व्ह, म्हणजे पंजा वर उचलणारी नस, हाडाला लागून जाते. ती दाबली गेली तर पंजा लटका पडतो, सावरायला कधी महिने लागतात, आणि दुखेलच असं नाही. म्हणून मधूनमधून जोडीदाराला पंजा वर उचलायला सांग. मुंग्या किंवा बधिरपणा म्हणाला की ‘अजून थोडं’ नाही, लगेच सोड. बांधलेल्या माणसाला एकटं टाकून खोलीबाहेर जायचं नाही, दार वाजलं तरी. लटकवण्याचे प्रकार पत्रानं शिकवता येत नाहीत, मी शिकवणारही नाही.

तुम्ही दोघं तिशीकडे झुकलेली जाणती माणसं, संमतीवर प्रवचन देत नाही. थांबायचा शब्द मात्र दोरी हातात घेण्याआधी ठरवा.

या आठवड्यात स्वतःच्या पोटरीवर सिंगल कॉलम पन्नासदा बांध, पन्नासदा सोड. शेवटचे दहा डोळे मिटून. बोथट टोकाची कात्री घेतलीस की कळव, मग बोलाइनचं लिहितो.

तुझा,
जुना दोरीवाला